वाचकांचे प्रश्न : ‘रेजिंग बुल’ घरी पाहताना

प्रश्न : ‘रेजिंग बुल’ची ब्लू-रे डिस्क घेतली. कृष्णधवल चित्रावर सतत बारीक वाळू हलल्यासारखी दिसते. मध्येच येणारा रंगीत भाग तर फिका आणि ओरखड्यांनी भरलेला आहे. डिस्क बदलून मागावी का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नको, डिस्क ठीक आहे. मार्टिन स्कोर्सेसी यांचा मुष्टियोद्धा जेक लामोटावरचा, १९८० साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट फिल्मवर चित्रित झाला. ती वाळू म्हणजे फिल्मचा ग्रेन, फिल्मवरच्या रसायनाचे बारीक कण. रंगीत भाग लामोटाच्या घरगुती चित्रफितींचा आहे आणि तो जुना, उडालेल्या रंगांचा दिसावा म्हणून मुद्दाम तसा केलेला आहे. फिल्मवरचा ओरखडा बहुधा उभ्या रेषेसारखा दिसतो. डिस्कच खराब असेल तर चौकोनी ठोकळे दिसतात, चित्र अडकते किंवा आवाज तुटतो. तसे झाले तर मऊ मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. कापडाखाली कण असला तर डेटाच्या मार्गावरच लांब चरा उठतो.

मात्र ग्रेन टोचत असेल तर टीव्हीचे सेटिंग नक्की तपासा. दुकानातला ‘विविड’ मोड तसाच राहिला असेल तर शार्पनेस प्रत्येक कणाभोवती पांढरी कडा काढतो आणि चित्र खरखरीत होते. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड निवडा. शार्पनेस तटस्थ खुणेवर आणा. बहुतेक टीव्हींत ती शून्य असते, काहींत ५०. नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर ग्रेनबरोबर चेहऱ्यावरचा घाम आणि रिंगमधला धूरही पुसला जातो, चेहरे मेणाचे वाटू लागतात. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवा. ‘कूल’मध्ये राखाडी छटा निळसर होते, आणि कृष्णधवल चित्रात ती लपायला दुसरा रंगच नसतो. पहिले दोन दिवस ‘वॉर्म’ पिवळट वाटेल. डोळ्यांना सवय होऊ द्या. खोलीतला दिवाही पांढऱ्या ट्यूबऐवजी मंद आणि टीव्हीच्या मागे असावा.

प्रश्न : पडदा पूर्ण भरतो, पण कडांना काहीतरी कापले जाते असे वाटते. – एक वाचक, पणजी

उत्तर : वाटते ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. चित्रपटाची चौकट १.८५:१ आहे, टीव्हीची १.७८:१. म्हणून १०८० ओळींच्या चित्रात वर आणि खाली साधारण २१-२१ ओळी काळ्या दिसायला हव्यात. ५५ इंची टीव्हीवर ही पट्टी जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरते. ती दिसतच नसेल तर टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा कापतो आहे. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ निवडा. ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घालतो. झपाट्याने येणारा ठोसा आणि कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचा लखलखाट या दोन्ही जागी त्याचा अंदाज चुकतो आणि हातमोज्याभोवती चित्र फाटते.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर लढत सुरू होताच शेजारी भिंत ठोकतात. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा फरक मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. घरातले प्रसंग बरेचसे साधे, एकाच दिशेने बोलल्यासारखे ऐकू येतात. लढती डॉल्बी स्टिरिओत चहूबाजूंनी पसरतात. ध्वनिसंपादक फ्रँक वॉर्नर यांनी ठोशांचे आवाज टरबुजे आणि टोमॅटो चिरडण्याच्या आवाजांतूनही घडवले होते.

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर प्लेअरचे ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम स्टिरिओ’ करा. ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक वूफर) असतील तर सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, २ ते ३ डेसिबल वाढवा, बाकीचे हलवू नका. डिस्कवर २.० सराउंड (दोन चॅनेलांत साठवलेला) ट्रॅक असेल तर रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर जोडलेल्या अँप्लिफायरवर, ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ लावा, म्हणजे संवाद सेंटरला आणि गर्दी मागच्या स्पीकरना जाईल. रात्री ‘नाइट मोड’ चालेल. पण तो बऱ्याच उपकरणांत फक्त डॉल्बी ट्रॅकवर काम करतो, डीटीएस या दुसऱ्या ध्वनिपद्धतीच्या ट्रॅकवर नाही. ‘ऑटो व्हॉल्यूम’ मात्र बंदच हवा. लामोटाचा प्रतिस्पर्धी शुगर रे रॉबिन्सन याच्याबरोबरच्या शेवटच्या लढतीत आवाज एकदम विरतो, आणि त्या शांततेवरच पुढचा मार उभा आहे. ऑटो व्हॉल्यूम त्या शांततेला कमी पडलेला आवाज समजून वर ओढतो आणि प्रसंगाचा कणाच मोडतो.

प्रश्न : जुन्या डीव्हीडीवर चित्रपट लवकर संपतो. कापला आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : १२९ मिनिटांऐवजी सुमारे १२४ मिनिटे चालत असेल तर कापलेला नाही. पाल (भारत आणि युरोपातल्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीत २४ चौकटींचा चित्रपट २५ने पळवतात, म्हणजे ४ टक्के जलद. त्यामुळे आवाजाचा स्वरही थोडा चढतो. संगणकावर व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि ‘टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ’ बंद ठेवा; वेग आणि स्वर दोन्ही मूळ जागी येतात.

अमेरिकेतून डिस्क मागवणार असाल तर आधी रीजन कोड पाहा; डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते तो ठरवतो. भारतातले प्लेअर डीव्हीडीला रीजन ५ आणि ब्लू-रेला सी असतात, अमेरिकेत १ आणि ए. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजन नसते. पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही, फोर-के प्लेअरच लागतो.