ओव्हनपाशी एक खुर्ची ठेवा

मागच्या अंकात कुकरमधल्या केकबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं आणि गंमत म्हणजे निम्मी पत्रं दिवस गेलेल्या मुलींची आहेत. केक करू का, खाऊ का, सासूबाई नको म्हणतात, डॉक्टर गोड कमी करा म्हणतात, वगैरे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. बेकिंगचे क्लास घेते, दोन बाळंतपणं झालीत आणि आमची वहिनी प्रसूतितज्ज्ञ आहे, तिला उत्तरं दाखवूनच छापायला दिलीत. तरी तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते तुमच्या डॉक्टरांनाच माहीत, तेव्हा शंका आली की त्यांना विचारा, मला नंतर.

प्रश्न: ताई, मला पाचवा चालू आहे, कोथरूडला राहते, वर्क फ्रॉम होम आहे. लग्नाआधीपासून केकचा नाद, ऑफिसातल्या सगळ्यांचे वाढदिवस माझ्याच केकवर व्हायचे. पण आता अंडं फोडलं की पोटात ढवळतं आणि व्हॅनिलाचा वास तर बाटली उघडायच्या आधीच येतो. म्हणून बिनअंड्याचा करून बघितला, तर तो मधे बसला, अगदी वीट. वर सासूबाई म्हणतात या दिवसांत ओव्हनजवळ उभं राहू नये, बाळाला उष्णता लागते. बंद करू का सगळं?

उत्तर: अगं बंद कशाला करतेस, पाचव्यात तर कुठे खाल्लेलं जरा पोटात टिकायला लागतं. आधी सासूबाईंचं बघू. ओव्हनची धग तुझ्या तोंडाला लागते, आतल्या बाळापर्यंत ती जात नाही, तुझं शरीर आपलं तापमान धरून ठेवतं आणि बाळ त्याच तापमानात असतं. पण त्यांचं अर्धं बरोबरही आहे. खिडकी लावलेली, ओटीजी (आपला घरचा छोटा ओव्हन) 180 वर आणि तू तासभर त्याच जागी उभी, मग चक्कर येणारच, कारण या मधल्या महिन्यांत बीपी तसंही जरा खाली असतं, आणि पाय सुजतात ते वेगळंच. म्हणून खिडकी उघड आणि ओट्यापाशी एक खुर्ची ठेव. माझ्या पहिल्या वेळी मी सात महिने उभ्यानेच फेटत होते, कारण आमच्याकडे स्वयंपाकघरात बसून काम करणं म्हणजे आळस, दुसऱ्या वेळी मात्र गच्चीवरची जुनी लोखंडी घडीची खुर्ची आणून टाकली, ती अजून तिथेच आहे आणि आता तिच्यावर घरातले सगळे बसतात, मी सोडून. चाळणं, फेटणं, टिनला तूप लावणं सगळं बसून होतं. तापलेला टिन काढायला तेवढं उठायचं, आणि ओव्हन खाली जमिनीलगत असेल तर तेही दुसऱ्याला सांगायचं.

अंड्याचं म्हणशील तर पूर्ण शिजलेल्या अंड्याला काही हरकत नाही, वास सहन होत नसेल तर सोड काही दिवस. कच्चं मात्र नको. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे बऱ्याच जणींना माहीत असतं, पण कच्च्या मैद्यात आणि कणकेतही जंतू असू शकतात हे कोणी सांगत नाही. त्यामुळे पातेल्याला लागलेलं बॅटर बोटाने पुसून खायची सवय (आहे तुला, मला माहितीये) बाळ होईपर्यंत बंद. घरचं कच्च्या अंड्याचं मेयोनीज आणि मूसही नको.

आता तुझी वीट. बिनअंड्याच्या केकमध्ये फुगायचं काम दही आणि सोडा करतात, दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटला की गॅस तयार होतो, आणि तो तेव्हापासूनच निघून जायला लागतो. तू बहुतेक बॅटर तयार करून मग ओटीजी तापायला लावलास. हो ना? दहा-पंधरा मिनिटं तापेपर्यंत गॅस गेला आणि उरली वीट. आधी ओटीजी 180 डिग्रीला लावून दे, मग एक कप दही (ताजं गोड नको, जरा आंबट) आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेट, त्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर घाल, पाच मिनिटांत फेस वर येतो, मग अर्धा कप तेल आणि दीड कप चाळलेला मैदा. कणीक घ्यायची असेल तर दोन-तीन चमचे दूध जास्त लागेल, कोंडा पाणी ओढतो. पीठ घातल्यावर फार फेटू नकोस, दिसेनासं झालं की बास, आणि लगेच टिन आत. 30-35 मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी. सोडा जुना असला तरी असंच होतं, थोड्या सोड्यावर लिंबू पिळून बघ, फसफसला नाही तर नवा आण. व्हॅनिलाच्या जागी वेलची किंवा संत्र्याची किसलेली साल घाल, मळमळीत संत्र्याचा वास बऱ्याच जणींना चालतो.

हो, आणि छातीत जळजळतं म्हणून हाच सोडा पाण्यात घालून पिऊ नकोस. आमच्या वेळी सर्रास प्यायचे. त्यात सोडियम भरपूर असतं, या दिवसांत तो नको, डॉक्टर चालणारं अँटासिड लिहून देतात.

आणि केकचाच कंटाळा आला तर नानकटाई कर, तिला अंडं लागतच नाही. लहानपणी मे महिन्यात आम्ही मैदा, साखर, डालडा घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचो, भट्टीवर भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायचो आणि घरी येईपर्यंत वरचा थर संपलेला असायचा. सासूबाईंना विचारून बघ, त्यांनीही असंच केलेलं असणार. एकदा त्या गोळे वळायला बसल्या ना, की मग उष्णतेचा विषय निघत नाही, माझा अनुभव आहे.

प्रश्न: सव्वीसावा आठवडा आहे. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी शुगर बघितली तर 152 आली, डॉक्टर म्हणाल्या जेस्टेशनल डायबेटिस. साखर सोडली आहे. पण गुळाचा आणि कणकेचा केक चालेल ना? सगळे म्हणतात गूळ चालतो. - हडपसर

उत्तर: सगळे म्हणतात, पण तुझ्या रक्ताला ते ऐकू येत नाही. गूळ म्हणजे साखरच, थोडं लोह वगैरे असतं पण शुगर जवळपास तशीच वाढते. मध, खजूर, काकवी, सगळ्यांना हेच लागू. त्या 75 ग्रॅम ग्लुकोजच्या टेस्टमध्ये 140 किंवा वर आलं की हे निदान करतात, तेव्हा तुझं फार काही भयंकर झालंय असंही नाही, पुष्कळ जणींचं नुसत्या खाण्यावर आणि चालण्यावर आटोक्यात राहतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची शुगर खाली येते. नंतर एकदा तपासून मात्र घ्यायची, बाळाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

केकच हवा असेल तर डाएटिशियनला विचारून एखादा लहान तुकडा, तोही जेवणात पोळी किंवा भात कमी करून, नुसता चहाबरोबर नाही. खरं सांगू, या तीन महिन्यांत गोड बेकिंगच्या मागे लागूच नकोस, तिखटमिठाचं कर. नाचणी आणि बेसनाचे ओवा-तीळ घातलेले क्रॅकर्स छान होतात, नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण नाचणीतही पिष्ट आहेच बरं का, तेव्हा तीन-चार क्रॅकर्स, अख्खा डबा नाही. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं सोसायटीत चक्कर मार, त्याने फरक पडतो आणि तो मीटरवर दिसतो, म्हणून हुरूप येतो.

प्रश्न: पुढच्या महिन्यात सातवं लागतंय, बाणेरच्या क्लब हाउसमध्ये डोहाळेजेवण आहे. मैत्रिणींना जेंडर रिव्हील केक हवाय, कापला की आत गुलाबी किंवा निळा. कसा करायचा?

उत्तर: निळा-गुलाबी रंग कसा करायचा ते सांगीन गं, पण मुळात रिव्हील काय करणार? आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गर्भलिंग सांगायलाही बंदी आहे आणि विचारायलाही, प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी लावलेली असते, तू ती पाच वेळा तरी वाचली असशील. हे रीलमध्ये दिसतं ते तिकडचं आहे.

आणि आपल्याकडे याच्यापेक्षा मजेशीर खेळ आहे की! दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, तू एक उघडायची आणि सगळ्यांनी ओरडायचं. माझ्या वेळी दोन्हीदा पेढा निघाला आणि दोन्ही मुलीच झाल्या. तेव्हा केकच्या आत पेढा-बर्फी दोन्ही कुस्करून घाल, केशर-वेलचीचा केक, वर चंद्रकोर आणि पाळणा काढ, तुझी फुलांची वाडी आणि धनुष्यबाण तर असेलच. फक्त ताजं क्रीम तासन्‌तास बाहेर ठेवू नका, क्लब हाउसला फ्रीज आहे का आधी बघ. आणि ओटी भरायला चाळीस बायका येणार असतील तर प्रत्येकीच्या हातचा घास नाही खाल्लास तरी चालतं. हसायचं आणि वाटी बाजूला ठेवायची.

प्रश्न: गालांवर वांग आलेत. आधी एक रात्रीचं क्रीम लावायचे ते चालू ठेवू का? केस रंगवू का? आणि हल्ली तळहात-तळपाय फार खाजतात, रात्री जास्त. - सिंहगड रोड

उत्तर: शेवटचं आधी, कारण ते थांबणारं नाही. तळहात-तळपायांना खाज, अंगावर पुरळ काही नाही आणि रात्री वाढते, असं असेल तर तेल चोळत बसू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. यकृताचा एक त्रास गरोदरपणात असाच सुरू होतो, रक्ततपासणीत कळतो आणि बाळासाठी त्यावर लक्ष ठेवावं लागतं. पोटावरची ताणलेली कातडी खाजते ती वेगळी, तिथे खोबरेल लाव, स्ट्रेच मार्क्स जाणार नाहीत पण बरं वाटेल.

रात्रीच्या क्रीमच्या डबीवर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन असं काही लिहिलं असेल तर ते कपाटात मागे टाक. वांग बऱ्याचदा बाळंतपणानंतर आपोआप फिके होतात, तोवर सनस्क्रीन, आणि गाडीवर जाताना आपला पुणेरी स्कार्फ आहेच. केस पहिले तीन महिने झाल्यावर रंगवले तर सहसा चालतात, खिडक्या उघड्या ठेवून. काळी इन्स्टंट मेंदी मात्र नको, तिच्यातल्या केमिकलने कातडी भाजते.

प्रश्न: चहाशिवाय माझं डोकं चालत नाही. पूर्ण सोडायचा का? - धायरी

उत्तर: नाही. दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत ठीक मानतात, मोठा मगभर चहा साधारण 75, इन्स्टंट कॉफीचा मग 100. चॉकलेट केकमध्येही थोडं येतं, पण त्याचा हिशोब करत बसू नकोस. खरी गोष्ट वेगळीच आहे, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. चहा तिला अंगी लागू देत नाही, दूध आणि कॅल्शियमची गोळीही तशीच. सरकारी दवाखान्यातली गोळी असते तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, ते असं वाया घालवायचं का? लिंबू पाण्याबरोबर घे, चहा तास-दोन तासांनी. शी काळी होईल, घाबरू नकोस.

प्रश्न: नमस्कार. बायकोला आठवा महिना आहे. काय मदत करू विचारलं की "काही नको" म्हणते, आणि नंतर चिडते. हे कसं ओळखायचं? - एक नवरा, औंध

उत्तर: अहो, विचारता कशाला? भरलेला सिलिंडर लांबच राहिला, त्यात 14.2 किलो गॅस असतो आणि वर टाकीचं वजन, पण रिकामासुद्धा तिने सरकवायचा नाही, हे विचारायची गोष्ट आहे का? गुरुवारी पाणी येणार नसेल तर बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवा. तिने केक केला की टिन, बीटर, पातेली तुम्ही घासायची, आणि लगेच, "भिजत ठेवलंय" असं म्हणून सकाळपर्यंत नाही. दुपारी ती डाव्या कुशीवर पडली असेल तर फोन घ्या, बेलला उत्तर द्या, पुण्यात एक ते चार झोपणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, त्याचा फायदा घ्या.

दोन गोष्टी मात्र पाठ करा. तोंडावर-हातांवर अचानक सूज, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, किंवा बाळाचं हलणं नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर "सकाळी बघू" नाही, त्याच वेळी हॉस्पिटल. फाइल, आधार कार्ड, गाडीची किल्ली एका पिशवीत घालून दाराशी ठेवा.

बाकी शनिवारी सकाळी लवकर उठून ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरीच्या रांगेत उभे राहा आणि श्रूजबरी बिस्किटं आणा. ती म्हणेल पावकिलो पुरे. अर्धा आणा.