चपला दारातच राहू द्या, ताई

कळव्याहून एका ताईंचं पत्र आलंय. मूळ नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब. नाताळच्या दहा दिवस आधी यजमान गेले. त्या लिहितात, ‘सकाळी अजून दोन कपांचंच आधण ठेवते. चर्चच्या मंडळीतल्या एक भगिनी म्हणाल्या, ते प्रभूजवळ आहेत, पुनरुत्थानावर विश्वास असेल तर रडायचं कशाला? सून म्हणते, ईस्टरआधी घर आवरू, बाबांच्या चपला कुणाला तरी देऊन टाकू. माझ्याच्यानं होत नाही. माझा विश्वास कच्चा आहे का?’

नाही, ताई. अजिबात नाही.

त्या भगिनींचा मला खरं तर रागच आला. पौलाचं वचन त्यांच्या मनात असेल, पण अर्धंच. बायबलमधलं त्याचं पत्र, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३, काढून वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तिथे आहे. खेदच करू नका, असं नाही. मित्र लाजर मेला, तेव्हा त्याच्या कबरेपाशी जाताना येशू रडला. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. मग तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कोण मागणार?

उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, आपली उपासना भरलेली असते, तो उठला त्या ईस्टरला पहाटे नवे कपडे घालून सगळे हजर. मधल्या शनिवारी आपण बाजारहाट करतो. तुम्ही डिसेंबरपासून त्या शनिवारात आहात. येशूबरोबरच्या बायकांनी तेव्हा काय केलं? शुभवर्तमानात लूक लिहितो, त्यांनी आधी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून स्वस्थ राहिल्या. ती द्रव्यं प्रेताला लावायची होती, ताई! कबर रिकामी सापडेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. गेलेल्या माणसासाठी उरलेलं एक काम, तेवढं घेऊन त्या रविवारी पहाटे निघाल्या. आणि तो उठल्याची बातमी आधी त्यांनाच कळली, मग्दालीया मरीयेला, योहान्नेला. शनिवारी रडलात का, असं कुणी त्यांना विचारलं नाही.

आई गेली त्या वर्षी मी याच मधल्या, पवित्र शनिवारी दुपारी ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन बसले होते. कॅथलिक रीतीत त्या दिवशी दिवसा मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, नसते. वेदीवर कापड नाही, फूल नाही. बाहेर रिक्षांचा गोंगाट चाललेला. ती उघडी वेदी मला अगदी आमच्या घरासारखी दिसली, आणि तिथे मी पोटभर रडले. तुमची मंडळी वेगळी असली तरी या पवित्र शनिवारी रात्री एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बघा. अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, मग तिच्यावरून एकेकाच्या हातातली.

सुनेवर रुसू नका. तिचाही सासरा गेलाय, आवराआवर करून ती सावरू बघतेय. कपाट आवर, चपलांना हात लावू नकोस, असं सरळ सांगा. दुसरा कप ओतून देऊ नका, तिला हाक मारा. जेवणाची वासना गेली असेल, झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यानं विश्वास उणा होत नाही.

चपला राहू द्या दारात. पाऊस लागला की चामड्याला बुरशी धरेल, तेव्हा आत घ्यायच्या की द्यायच्या ते तुम्हीच ठरवा. आणि मला कळवा.