गेल ऑम्वेट यांना इतिहासकार म्हणावे की कार्यकर्त्या?

आपण विचारले आहे की, गेल ऑम्वेट यांना इतिहासकार म्हणावे की कार्यकर्त्या, आणि त्यांचे वाचन कोठून सुरू करावे. पुण्यात राहून ब्राह्मणेतर चळवळीविषयी वाचत आलेला एक वाचक म्हणून माझे मत असे की, त्यांचे कार्यकर्तेपण वगळून त्यांचा इतिहास नीट समजत नाही.

१९४१ साली अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या ऑम्वेट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९७३ साली पीएच.डी. पूर्ण केली, विषय होता १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात इंग्रजधार्जिणे, जातीय राजकारण म्हणून जिची बोळवण होत असे, तिच्यात त्यांनी वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड पाहिले आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजापासून केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांपर्यंतचा तिचा प्रवास मांडला. तरीही त्यांनी चळवळीची भलामण केलेली नाही; संस्थानिक व धनिकांच्या आश्रयाने चाललेला परंपरावादी प्रवाह आणि खेड्यापाड्यांतील सत्यशोधकांचा जहाल प्रवाह त्यांनी स्पष्टपणे वेगळे केले.

पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या. चळवळीतील कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी विवाह, १९८३ साली भारतीय नागरिकत्व, श्रमिक मुक्ती दल या कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम, परित्यक्ता स्त्रियांचे लढे, असा हा काळ. याच चळवळीच्या परिसरात, दुष्काळी खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी वाळूविक्रीच्या पैशाचा आधार घेऊन जे धरण उभे केले, त्याला बळीराजाचे नाव दिले आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही मिळावा, असे तत्त्व धरले. फुल्यांचा बळीराजा प्रबंधात अभ्यासणे आणि त्याच्या नावाच्या धरणावर पाणीवाटपाची चर्चा करणे, ही माझ्या मते एकाच कामाची दोन अंगे होत.

त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. नर्मदेवरील धरणांच्या प्रश्नावर १९९९ साली त्यांनी धरणविरोधी लेखिका अरुंधती रॉय यांना जाहीर पत्र लिहिले आणि धरणविरोध कोरडवाहू शेतकऱ्याच्या तहानेला काय उत्तर देतो, असा रोख ठेवला. तो प्रश्न रास्त होता, परंतु विस्थापितांचे पारडे त्यात हलके राहिले. जागतिकीकरणाविषयीच्या त्यांच्या अनुकूल भूमिकेमुळे डावे सहकारीही दुरावले.

२०२१ साली कासेगाव येथेच त्यांचे निधन झाले. वाचनाची सुरुवात त्यांच्या मूळ प्रबंधापासून करावी. बौद्ध धम्मावरील नंतरचे लेखन विस्तृत असले, तरी पुराव्याची घट्ट वीण मला प्रबंधातच अधिक आढळते.