वाचकांचे प्रश्न : ऊसतोडीला जाणारी मुले आणि गावची शाळा

प्रश्न : आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळी उलटली की निम्मे गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात जाते, आणि मुलेही बरोबर जातात. मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आले आहे. बैठकीत हा विषय काढला, तेव्हा ‘नावे पटावर आहेत, पालकच मुलांना नेतात, त्याला शाळा काय करणार’ असे उत्तर मिळाले. खरोखरच शाळेच्या हातात काही नाही का? – एक पालक सदस्य

उत्तर : नावे पटावर आहेत हे बैठकीतले म्हणणे खरे आहे, आणि खरी अडचणही तीच आहे. नाव पटावर राहते, मूल उसाच्या फडावर जाते, आणि नुसता पट पाहणाऱ्या कार्यालयाला त्याचा पत्ता लागत नाही. मात्र ही जबाबदारी पालकांवर टाकून कुणालाही मोकळे होता येणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेची, जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य स्वतंत्रपणे नमूद केले आहे. तेव्हा हा विषय आपण पुन्हा बैठकीत मांडावा, आणि या वेळी त्याची नोंद इतिवृत्तात होईल असे पाहावे.

शाळेच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे हंगामी वसतिगृह. वसतिगृह म्हटले की वेगळी इमारत आणि खाटांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बहुतेक गावांत मूल आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे राहते, दुपारचे जेवण नेहमीप्रमाणे शाळेत घेते आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती समग्र शिक्षा अभियानाच्या निधीतून करते. ही सोय साधी असली तरी तिच्यामागचा हिशेब बरोबर आहे. सत्तरीच्या आजीला नातवंडे नकोशी असतात असे नाही. दोन वेळच्या अन्नाचा आणि चुलीपुढे बसण्याचा भार तिला झेपत नाही, म्हणून मुलांना गाडीत बसवले जाते. तेवढा भार शाळेने उचलला की मूल गावात राहू शकते.

ही योजना फसते ती मुख्यतः वेळेवरून. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडीने तोडीला जाणे, ठरला, आणि ही बोली पुष्कळदा पावसाळ्यातच होऊन जाते. शाळेचा प्रस्ताव मात्र दिवाळीच्या सुमारास निघतो आणि मंजुरी येईपर्यंत गाड्या केव्हाच कारखान्यावर पोचलेल्या असतात. म्हणून आपल्या समितीने ऑगस्टमध्येच घरोघर जाऊन यादी करावी. कोण जाणार, मागे कोण राहणार, राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत कशी आहे, हे सारे त्या यादीत असावे, आणि ठराव करून तो प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. प्रस्तावाची पोच मात्र न विसरता घ्यावी.

यादी करताना मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. दहा-अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर जाते, कारण आईच्या कडेवर तान्हे मूल असते. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधून वाहते, आणि कोपीपाशी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, त्या तान्ह्याला सांभाळण्याचे काम या मुलीवर येते. तिच्यासाठी गावात जेवणाची सोय केली तरी तान्ह्याचा प्रश्न फडावर तसाच राहतो, आणि मग आई तिला मागे ठेवायला तयार होत नाही. अशा घरी मुख्याध्यापकांनी जाऊन उपदेश करण्यापेक्षा समितीतल्या महिला सदस्यांनी आईशी बोलावे, असे माझे मत आहे. कायद्यानुसार समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्यांचा उपयोग सहीपुरता होऊ नये. बरोबर दुसरे कुणी वडीलधारे जाणार आहे का, कारखान्याच्या परिसरात अंगणवाडी कुठे आहे, हे त्या बोलण्यातून कळेल. प्रत्येक घरी तोडगा निघेलच असे मी म्हणणार नाही.

मोठ्या मुलींच्या बाबतीत घोर वेगळा असतो. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने कित्येक घरांत तिचे लग्नच उरकले जाते. अशा मुलींसाठी सामाजिक न्याय विभागाच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी शाळेने स्वतः करावी आणि अर्ज भरून द्यावा. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ही योजना आहे आणि त्यात मुलींची वसतिगृहे वेगळी आहेत. अर्ज, दाखले, शिक्के यांच्या फेऱ्या मारण्याइतकी सवड रोजंदारीवरच्या माणसाला नसते. ते काम शाळेच्या कार्यालयात बसून होऊ शकते.

एवढे करूनही काही मुले जाणारच. त्यांना निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसण्यासाठी त्यांना कुणाच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. पुढे या मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच बसावे असे धोरण आले. ते तत्त्वतः योग्य आहे, परंतु तोडीची टोळी एका जागी टिकत नाही आणि कोप्यांपासून शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असतेच असे नाही, हे धोरण आखताना पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही. आपल्या वर्गशिक्षकांनी तिकडच्या शिक्षकांना एक दूरध्वनी केला, तर कार्डाला अर्थ येईल. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. ते पालकांना निघण्याआधी तोंडी सांगून ठेवावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, हे सारे सांभाळून ‘शाळेने गावाच्या गरजांना प्रतिसाद द्यावा’ असे भाषणांतून ऐकले की राग येतो. गावाच्या गरजा भागवणे हे शिक्षकाचे काम आहे का? – एक शिक्षक

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या २००९ च्या शिक्षण कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. या चौकटीबाहेरचे सर्वेक्षण अंगावर आले, तर लेखी आदेश मागण्यात काही गैर नाही.

मात्र गावाला प्रतिसाद देणे म्हणजे शिक्षकाने आणखी दहा कामे अंगावर घेणे, असा अर्थ मी करत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती दिवसभर गुरांमागे असतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच शिकवणे सुरू झाले. लहान मुले शाळेत पोचत नाहीत म्हणून वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरू लागली, आणि तिथून रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. त्यांनी शिकवण्याचेच काम केले. फक्त त्याची जागा आणि वेळ मुलांच्या दिवसाप्रमाणे ठरवली.

आपल्यालाही एवढी मुभा आहे. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन सांगितले आहे. शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. भाताच्या लावणीच्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा राहत असेल, तर समितीचा ठराव घेऊन त्या काळापुरती सकाळची शाळा मागता येते. रिकाम्या बाकांपुढे धडा ‘पूर्ण’ करण्यापेक्षा ते खचितच बरे. पोषण आहाराच्या नोंदींबद्दल एवढेच म्हणेन की त्या नोंदवह्यांचा जाच खरा असला, तरी ते ताट काही घरांसाठी दिवसातले सर्वांत भरवशाचे जेवण असते. म्हणूनच दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते चालू ठेवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले. नोंदींचे ओझे कमी व्हावे, ही मागणी आपण संघटनेमार्फत जरूर लावून धरावी.

प्रश्न : शाळेच्या रंगरंगोटीसाठी आणि स्मार्ट टीव्हीसाठी प्रत्येक घरामागे ठरावीक लोकवर्गणी मागितली जात आहे. न देणाऱ्यांची नावे फलकावर लावू, असेही सांगितले गेले. हे योग्य आहे का? – एक ग्रामस्थ

उत्तर : योग्य नाही. वर्गणी ऐच्छिक असते, आणि न देणाऱ्याचे नाव फलकावर लावण्याने त्याच्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागते, याचा विचार ठराव करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाच्या रूपाने लोकांकडून मूठ-मूठ धान्य गोळा केले. ज्याच्या घरी जेवढे होते तेवढे त्याने दिले. ठरावीक आकडा लावला की त्या देण्यातला आपलेपणा संपतो.

शिवाय गावाचा हातभार पैशांतच मोजावा असे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये ग्रामस्थांनी ठरवले की संध्याकाळी सातचा भोंगा झाला की दीड तास घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवायचे, म्हणजे मुलांना अभ्यास करता येईल. त्यासाठी कुणाला वर्गणी द्यावी लागली नाही; प्रौढांना आपली मालिका तेवढी सोडावी लागली.

आपण समितीकडे दोन गोष्टी मागाव्यात. पहिली म्हणजे शाळा विकास आराखडा, जो करणे समितीचे कायदेशीर काम आहे. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पाण्याला टीव्हीपेक्षा वरचे स्थान आहे की खालचे, हे पाहून घ्यावे. दुसरी म्हणजे शाळेला मिळालेल्या अनुदानाचा हिशेब, कारण त्याच्या वापरावर देखरेख करणे हेही समितीकडेच आहे. हिशेब पाहून वर्गणी द्यावीशी वाटली, तर जमेल तेवढी द्यावी आणि पावती घ्यावी.