प्रत्येक अडत्याची सर्वांत मोठी बोली, आणि ती कोणत्या ढिगावरची?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा लिलावासाठी अडत्या, ढीग आणि बोली अशी तीन टेबलं केलीत. प्रत्येक अडत्याचा सर्वाधिक भाव मायएसक्यूएल (तुमचा डेटाबेस) बरोबर देतं, पण शेजारी ढीग क्रमांक भलताच छापून येतो.

भाव बरोबर येणारच. तिन्ही टेबलं जॉइन करून (जोडून) अडत्यावर ग्रुप बाय केलं, म्हणजे अडत्यावार गट पाडले, की मॅक्सला (सर्वांत मोठा आकडा काढणाऱ्या फंक्शनला) किती टेबलं जोडलीत याच्याशी घेणंदेणं नसतं. पण मॅक्स नुसता आकडा आणतो, तो आकडा ज्या ओळीत होता ती ओळ आणत नाही. ढीग क्रमांक तुम्ही सिलेक्टमध्ये घातला, ग्रुप बायमध्ये नाही; मग गटातल्या कोणत्याही ओळीतून तो उचलायला डेटाबेस मोकळा. ५.७ पासून मायएसक्यूएल अशी क्वेरी आपणहून अडवतं. तुमच्याकडे चालून राहिली, म्हणजे एकतर आवृत्ती फार जुनी, नाहीतर 'ओन्ली फुल ग्रुप बाय' हा मोड कोणीतरी एररला कंटाळून बंद करून ठेवला. आधी तो चालू करा. एरर परवडली बाप्पा, खोटा ढीग क्रमांक नाही.

पूर्ण ओळ हवी तर विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून गटागटात हिशेब करणारं) वापरा, ते ८.० पासून आहे. आतल्या क्वेरीत तिन्ही जॉइन करून रो नंबर (ओळीचा क्रमांक) काढा: पार्टिशन (गट) अडत्यावर, क्रम भावाचा, उतरता. बाहेरच्या क्वेरीत १ नंबरच्या ओळी ठेवा. हे एकाच क्वेरीच्या व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या अटीत) बसत नाही, कारण विंडो फंक्शनची पाळी व्हेअरनंतर येते. ८.० नसेल तर मॅक्सची सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) काढून तिला अडत्या आणि भाव या दोन्हींवर मूळ जॉइनशी पुन्हा जोडा.

एकाच अडत्याचे दोन ढीग सारख्याच भावात गेले तर? रो नंबर त्यातला एकच देईल, तोही मनाला येईल तो. रँक हे फंक्शन सारख्या भावाला सारखाच क्रमांक देतं, म्हणून दोन्ही येतात. हिशेबाच्या कामाला मी रँकच घेईन.

याच क्वेरीत ढिगाच्या वजनाची बेरीज मात्र घुसवू नका. एका ढिगावर सात बोल्या असल्या तर वजन सातदा मोजलं जातं. मॅक्सला त्या पुनरावृत्तीनं काही होत नाही, म्हणून ही चूक लपून राहते. बेरीज वेगळ्या सबक्वेरीत करा.

आणि भावाचा कॉलम व्हारचार (मजकुराचा प्रकार) तर नाही ना, तेही बघा. मजकूर म्हणून तुलना झाली की ९५०० हा ३२००० पेक्षा मोठा ठरतो. त्यात कोणी '३२,०००' असं स्वल्पविरामासकट भरलं असेल, तर सिलेक्टमध्ये नुसतं कास्ट करून (आकड्यात बदलून) ३२ च हाती येतात. रिप्लेसनं स्वल्पविराम काढा, मग कॉलमच डेसिमल (आकड्यांचा प्रकार) करून टाका.