सेल्स@ चा मेल जीमेलवर नेताना

भाऊ, दुकानाच्या डोमेनवर सेल्स@ आन् अकाउंट्स@ पाहिजे, वेगळे मेलबॉक्स नको, सगळं मालकाच्या जीमेलवर पडावं, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या एटसी अलायसेस फाइलमधे ओळ टाकून न्यूअलायसेस कमांड चालवली तरी लॉगमधे 'यूजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' येऊन राहिलं, बरोबर? मग त्या लॉगनंच उत्तर दिलं ना बाप्पा. तुमचं डोमेन पोस्टफिक्सच्या व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स या सेटिंगमधे आहे, आणि पोस्टफिक्स ती अलायसेस फाइल फक्त लोकल डिलिव्हरीला, म्हणजे मायडेस्टिनेशन या दुसऱ्या सेटिंगमधल्या डोमेनांसाठी वाचते.

तुम्हाला लागते व्हर्च्युअल अलायस मॅप्सची फाइल. डावीकडे सेल्स@ वाला पूर्ण पत्ता, मग स्पेस, मग जीमेल. कोलन नको! अलायसेसमधे लागतो, इथं नाही. हात सवयीनं टाकतो, पोस्टमॅप (ही फाइल पोस्टफिक्ससाठी तयार करणारी कमांड) वॉर्निंग देते, आपण वाचत नाही आणि अर्धा दिवस जातो, माझा गेलाय. दुकानातल्या इन्फो@ मेलबॉक्सलाही कॉपी पाहिजे तर उजवीकडे स्वल्पविराम देऊन तोही लिहा. मग पोस्टमॅप चालवा आणि पोस्टमॅप डॅश क्यू नं पत्ता विचारून बघा, जीमेल छापून आलं की जमलं.

खरी भानगड पुढं आहे. गिऱ्हाइकाचा मेल तुम्ही पुढं ढकलला की लिफाफ्यावर (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता, मेलमधे दिसणारा फ्रॉम नव्हे) पाठवणारा तोच, पण आयपी तुमचा. त्याच्या एसपीएफमधे, म्हणजे त्याच्या डोमेननं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या यादीत, तुमचा आयपी कुठून असणार, फेल. डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची मेलवरची डिजिटल सही टिकते, म्हणून सब्जेक्टमधे दुकानाचं नाव जोडणं, खाली फुटर चिकटवणं असले उद्योग नका करू, सही मोडते. सोबत पोस्टएसआरएसडी हा प्रोग्रॅम बसवा, तो लिफाफ्यावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा करतो. फक्त पोस्टफिक्सच्या सेंडर कॅनॉनिकल क्लासेस या सेटिंगला एन्व्हलप सेंडर एवढंच लिहा, नाहीतर मेलमधे दिसणारा फ्रॉमच बदलतो आणि मालक विचारतो, हा कोण बुवा?

कॅचऑल, म्हणजे डोमेनवर कुठल्याही नावानं आलेला मेल घेणं, तर बिलकुल नको. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याला मी हौसेनं लावून दिलं होतं, कुठल्याही नावानं आलेला स्पॅम धडाधड फॉरवर्ड, जीमेलच्या हिशेबी पाठवणारे आपणच, आणि ऐन दिवाळीत त्याच्या ऑर्डरी 421 ('आत्ता नाही, नंतर पाठवा' असा जीमेलचा नकार) खात क्यूमधे पडून. आता मी फॉरवर्डच्या आधी आरस्पॅमडी हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम लावतो, आणि मालक ऐकत असला तर फॉरवर्डच नाही, एक मेलबॉक्स करून मोबाइलवर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोनवर वाचता येतो.

तरी अडलं तर पोस्टकॉन्फ डॅश एन चं (तुम्ही केलेल्या सेटिंग्ज दाखवणारी कमांड) आउटपुट टाका इथं, पासवर्डवाली ओळ काढून.