लॅबमध्ये वाढवलेल्या मेंदूवर औषधं टेस्ट करतेत म्हणे, खरंय का?

खरंय, पण अख्खा मेंदू नसतो बरं का. परवा परभणीला मामांनीबी हेच विचारलं, त्यांचे हात थरथरतात, पार्किन्सन हाय. म्हणलं मामा, डबीत असतो तो तुरीच्या दाण्याएवढा पांढुरका गोळा, ऑर्गनॉइड म्हणतेत त्याला. पेशंटच्या कातडीच्या नाहीतर रक्ताच्या पेशी घेऊन त्यांच्या स्टेम सेल, म्हणजे कोणत्याबी अवयवाच्या होऊ शकतील अशा पेशी, बनवतेत, ही युक्ती जपानच्या यामानाकांची, 2012 चं नोबेल मिळालं त्यांना, अन मग त्या पेशी पोषक द्रवात महिनोनमहिने सांभाळल्या की आपल्याआपण मेंदूच्या पेशी होऊन थर लावून बसतेत.

2013 ला व्हिएन्नात लँकेस्टर अन नोब्लिख या शास्त्रज्ञांनी जन्मतःच डोकं लहान असलेल्या एका पेशंटच्या पेशींपासून असा गोळा केला, तर तोबी लहानच भरला! उंदरात हा आजार नीट उतरतच नव्हता. 2016 ला झिका व्हायरस वाढत्या मेंदूच्या नेमक्या कोणत्या पेशी मारतो तेबी यातच दिसलं. औषधाचं तसंच, पेशंटच्याच पेशींच्या गोळ्यावर टाकायचं अन फरक बघायचा.

अडचण लई मोठी म्हणजे रक्तवाहिन्या नाहीत, कॅनॉलच्या टेलच्या शेताला पाणी पोचत नाही तसं मधल्या पेशी उपाशी मरतेत. शिवाय हा गोळा गर्भातल्या बाळाच्या मेंदूसारखा, म्हातारपणचे आजार त्यात दाखवणं अवघड. अन औषध लिव्हरला झेपतंय का हे तर त्यात कळतच नाही, म्हणून माणसांवरच्या ट्रायल काही चुकत नाहीत. मामांना सांगितलंय, सध्याची गोळी बंद करू नका.